बट नंबर सत्तेचाळीस

पोलीस हेडक्वार्टरच्या मागच्या अंगाला, मोडक्या खाटा आणि फाटके टायर जिथं आणून टाकतात, तिथं एक लांबट खोली होती. त्या खोलीत हाफिज तीस वर्षं बसत आला होता. खात्यात त्याचा हुद्दा आर्मोररचा. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे. जिल्हाभरातली बिघडलेली हत्यारं त्याच्या टेबलावर यायची आणि बहुतेक चार दिवसांत बरी होऊन जायची.

त्याचा बाप वणीला कुलपं, स्टोव्ह आणि हौशी लोकांच्या बंदुका दुरुस्त करायचा. बापाची एक शिस्त हाफिजच्या हाडीमाशी खिळली होती. मळकी चीज पुढ्यात घेऊन बसायचं नाही. आधी रॉकेलच्या ट्रेमध्ये बुडवायची, घासायची, पुसायची, आणि मग तिला काय झालंय ते बघायचं. हाफिज डॉक्टर झाला असता तर ताप बघायच्या आधी पेशंटाला आंघोळ घातली असती, असं मारोती म्हणायचा. मारोती म्हणजे कोतचा हवालदार. कोत म्हणजे जिथं हत्यारं कुलपात ठेवतात ती खोली. दोघं रोज भांडायचे आणि रोज एकाच डब्यात जेवायचे.

त्या मंगळवारी मारोतीनं एक एसएलआर रायफल आणून टेबलावर ठेवली. दस्त्यावर, म्हणजे बटावर, पांढऱ्या रंगात आकडा होता, सत्तेचाळीस.

"रोग?" हाफिजनं विचारलं.

"अधूनमधून अटकते म्हणे. धर्मपालची आहे. त्या कापसाच्या केंद्रावरची."

हाफिजनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. ती गोष्ट ऐकली नव्हती असा माणूस त्या आठवड्यात जिल्ह्यात सापडला नसता.

घाटंजीच्या पुढं एका जिनिंगच्या आवारात कापसाची खरेदी चालायची. चालायची म्हणजे बहुतेक बंद असायची. त्या सालात कापसाला कुणी विचारत नव्हतं. नऊ नऊ दिवस गाड्या रांगेत उभ्या, बैल तिथंच, माणसं तिथंच, आणि दहाव्या दिवशी केंद्राच्या फाटकावर ‘आज खरेदी बंद’ अशी पाटी. लोक भडकले. दगड सुरू झाले. बंदोबस्तावरच्या साहेबांनी हुकूम दिला, हवेत तीन गोळ्या. धर्मपालनं एक झाडली. दुसरी झाडलीच गेली नाही. तो चाप दाबत राहिला, लोक पुढं घुसत राहिले, आणि त्या गोंधळात साहेबांच्या डोक्यात दगड बसला. अठरा टाके पडले. लोक पांगल्यावर रायफल बघितली तर गोळीचं रिकामं खोकं बाहेर पडलेलं, सगळं जागच्या जागी. अटकली होती याला साक्षीदार म्हणाल तर एकटा धर्मपाल.

आणि रांगेत चौदाव्या नंबरची गाडी त्याच्या सख्ख्या साळ्याची होती. खात्याला यापेक्षा जास्त काय लागतं? पोरगा जाणूनबुजून थांबला, आपल्या माणसांसाठी हुकूम मोडला, असं साहेबांनी दवाखान्यातूनच लिहून दिलं. धर्मपाल निलंबित झाला. आता त्याची नोकरी एकाच गोष्टीवर टांगली होती: रायफल खरंच अटकते की नाही. आणि ते सांगणारा माणूस जिल्ह्यात एकच होता.

हाफिजला धर्मपाल आवडायचा. का आवडायचा ते सांगायला फार विचार करायला नको. हाफिज जे शिकवायचा ते धर्मपाल करायचा. बाकीच्या पोट्ट्यांना रायफल साफ करा म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची. वरून हात फिरवला, तेलाचं बोट लावलं, झाली साफ. धर्मपाल पाटावर बसून सगळे भाग ओळीनं मांडायचा आणि ड्युटी सुटली तरी उठायचा नाही. असल्या माणसाची रायफल अटकावी याचं हाफिजला नवलच वाटलं.

मग त्यानं जे तीस वर्षं केलं होतं तेच केलं. सत्तेचाळीस उघडली, भाग सुटे केले आणि एकेक करून रॉकेलच्या ट्रेमध्ये सोडले. नळी, ब्लॉक, पिस्टन, सगळं. ब्रश घेऊन घासून काढलं. दुपारपर्यंत सत्तेचाळीस नवरीसारखी लखलखत होती.

बुधवारी चांदमारीच्या मैदानावर त्यानं साठ गोळ्या झाडल्या. मारोती वहीत रेघा ओढत होता. हाफिजनं सावकाश झाडल्या, भराभर झाडल्या, मॅगझीन बदलून झाडल्या, रायफल उताणी धरून सुद्धा झाडल्या. एकदाही अटकली नाही. प्रत्येक खोकं टणकन उडून उजवीकडच्या गवतात पडत होतं. हाफिजला त्या प्रत्येक आवाजाबरोबर वाईट वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो हत्यार बिघडावं म्हणून अल्लाची विनवणी करत होता.

परत आला तर धर्मपाल खोलीच्या पायरीवर बसलेला. साध्या कपड्यांत तो ओळखू येईना. वर्दी उतरली की माणूस दोन बोटं बुटका दिसतो.

"काय झालं हाफिजभाई? अटकली का?"

"साठ झाडल्या, बाबू. एक बी नाही अटकली. तुही रायफल ठणठणीत आहे."

"पण मी दाबलं होतं ना. दोनदा दाबलं. मले याद आहे."

हाफिज दमला होता, गोळ्यांच्या आवाजानं त्याचं डोकं चढलं होतं, आणि खरं म्हणजे त्याला त्या पोराच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणून तो जे बोलायला नको ते बोलून गेला.

"घाबरल्यावर माणसाले आपलं बोट कुठं आहे ते बी समजत नाही, धर्मपाल. मी लई पाह्यले असे. होते असं."

धर्मपाल आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिला. मग उठला आणि सायकल घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी पत्र आलं. रायफल मंगळवारी आली आणि पत्र गुरुवारी. सरकारी कामात याला उशीर म्हणत नाहीत. पत्रात लिहिलं होतं की सदर शस्त्र आहे त्या स्थितीत, कोणतीही साफसफाई न करता तपासावे आणि शनिवारपर्यंत अहवाल द्यावा.

हाफिजनं ते तीनदा वाचलं.  पोराची एकुलती एक साक्ष होती ती त्यानं स्वतःच्या हातानं ब्रश मारून धुऊन टाकली होती, आणि वर छाती फुगवून सांगितलं होतं की रायफल ठणठणीत आहे.

एकच गोष्ट बरी होती. रॉकेल मिळत नव्हतं म्हणून तो ट्रे आठवडाभर बदलायचा नाही. मंगळवारी ताजं ओतलेलं रॉकेल अजून तिथंच होतं, आणि सत्तेचाळीसनंतर त्यात दुसरं काही बुडालं नव्हतं. त्यानं दार लावून घेतलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून ते हळूहळू गाळलं. फडक्यावर काळा गाळ राहिला. गाळात बोटाच्या पेराएवढी एक गुठळी होती, करपलेल्या पापडाच्या तुकड्यासारखी. चिमटीत धरून दाबली तर ती मऊ होती. काळं सुटत गेलं. आत पांढरं निघालं.

कापूस होता तो.

हाफिज स्टुलावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. कारण आता त्याला सगळं समजलं होतं, आणि जे समजलं ते न समजतं तर बरं झालं असतं.

रायफल साफ करायला खात्यातून कापडाच्या पट्ट्या येतात. शिपाई तिला चिंदी म्हणतात. दोन वर्षं झाली, चिंदी आलीच नव्हती. तीनदा मागणी पाठवली. तीनदा उत्तर नाही. नुकत्याच झालेल्या दिवाळीनंतर जिनिंगवर बंदोबस्त लागला तेव्हा पोट्टे विचारायला आले होते, हाफिजभाई, साफ कायनं करावं? आणि हाफिजनं हसून सांगितलं होतं. त्याला आपलं ते हसणंही आठवलं.

"काहून, डोळे फुटले का? ढिगाच्या ढिगात तर उभे आहा. मूठभर कापूस घ्या, सरकी काढा, काडीले गुंडाळा न् फिरवा. आता तर चिंदीहून कापूस सस्ता आहे."

सगळे हसले होते. जिल्ह्यात त्या सालात कापसावर हसण्यापलीकडे दुसरं काही करता येत नव्हतं.

कापडाचा धागा पिळलेला असतो, तो तुटत नाही. कापूस तंतू सोडतो. ते तंतू पिस्टनच्या नळीत राहायचे, तेल प्यायचे, गोळी झाडली की तिथंच भाजायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर नवा थर बसायचा. हे तीस वर्षं हत्यारं हाताळणाऱ्या मिस्त्रीला कळायला हवं होतं. चहाच्या घोटाबरोबर सल्ला देताना त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि ज्यांनी त्याचं ऐकलं नाही, नुसता वरून हात फिरवला, त्यांच्या रायफली धडधाकट होत्या. चाळीस दिवस, दिवसातून दोनदा, सगळे भाग ओळीनं मांडून मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे साफ करणारा एकच होता.

शुक्रवारी सकाळी हाफिजनं खात्री करून घेतली. पिस्टनवरची स्प्रिंग काढली. नळी उभी धरली की पिस्टन स्वतःच्या वजनानं सरळ खाली उतरायला पाहिजे. नळी साफ होती तेव्हा दहा वेळा उतरला. मग त्यानं चिमूटभर कापूस तेलात भिजवून आत फिरवला, नळी स्टोव्हवर तापवली, थंड केली, परत तेच केलं. तासाभरानं नळी उभी धरली. पिस्टन पाच वेळा सरसर उतरला. सहाव्यांदा मध्येच थांबला. बोटानं टिचकी मारली तर उतरला.

हीच ती खोड. पिस्टन मागंच राहिला की पुढची गोळी जागेवर बसत नाही; रायफल अटकायची, आणि जरा हलवलं की काही झालंच नाही अशी सुटायची. धर्मपाल खरं बोलत होता. त्यानं दोनदा दाबलं होतं.

हाफिजनं कागद घेतला. ‘पिस्टनच्या नळीत जळालेल्या कापसाचे थर आढळले, त्यामुळे शस्त्र मधूनमधून अडकते,’ एवढं लिहून तो थांबला. एवढ्यानं भागणार नव्हतं. एवढंच दिलं तर धर्मपालवर हुकूम मोडल्याचा आरोप जाऊन हत्यार घाण ठेवल्याचा येणार होता. गेली ती नोकरी गेलीच. तो वाचायचा असेल तर खाली आणखी एक ओळ लागणार होती. हाफिजनं ती लिहिली. ‘कापूस वापरण्याची तोंडी सूचना मी स्वतः दिली होती.’ सही केली, तारीख घातली, कागदाची घडी करून खिशात ठेवली.

हेडक्वार्टरचे साहेब तेव्हा ऑफिसात होते. आंगण ओलांडलं की ऑफिस. शंभर पावलंही नाहीत.

हाफिज गेला नाही. जुम्म्याची नमाज आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नमाज झाल्यावर जेवायचं आहे. जेवण झाल्यावर साहेब झोपले असतील. निवृत्तीला सहा महिने उरले होते. खात्याचं पेन्शन तोंडाशी आलेलं. धाकट्या मुलीचं, नाहिदचं, लग्न ठरलेलं. बंदोबस्तावरच्या साहेबांच्या डोक्यातले अठरा टाके कुणाच्या तरी नावावर चढणार होते, आणि ती ओळ वाचली की ते कुणाच्या नावावर चढतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. घरी बायकोनं, जैबुनबीनं, विचारलं, आज जेवण का जात नाही? तो म्हणाला, उन्हानं. डिसेंबर चालू होता. जैबुनबीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ताट उचललं.

शनिवारी सकाळी मात्र तो गेला. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. आंगण ओलांडताना त्यानं खिशावर हात दाबून धरला होता आणि मनाशी ठरवलं होतं, आज द्यायचाच.

"या मिस्त्री," साहेब म्हणाले. त्यांचा मूड चांगला होता. "तुमच्यामागचा ताप गेला बघा. धर्मपालनं काल संध्याकाळी जबाब दिला. कबूल केलं त्यानं. दुसरी गोळी मी झाडलीच नाही म्हणाला. दाबल्यासारखं वाटलं, पण दाबली नसेल. साठ गोळ्यांत रायफल अटकली नाही म्हणजे चूक माझीच, असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. आता तुमचा मोठा अहवाल नको. शस्त्र सुस्थितीत, एवढं लिहा आणि सही करा."

त्यांनी कागद पुढं सरकवला. हाफिजचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"काही सांगायचं आहे का?"

 हाफिजनं बघितलं, साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन त्याच्याकडे धरलं होतं.

"नाही साहेब," तो म्हणाला आणि सही केली.

एवढंच झालं. माणूस वर्षानुवर्षं स्वतःला बरा समजत असतो आणि एका सकाळी दोन शब्दांत त्याचा निकाल लागतो. हाफिज परत आपल्या खोलीत आला. त्यानं सत्तेचाळीस पुन्हा उघडून कोरडी पुसली, जोडली आणि मारोतीच्या हवाली केली. मग घरून जैबुनबीच्या दोन जुन्या चादरी आणल्या आणि त्यांच्या पट्ट्या फाडल्या. येईल त्या शिपायाला तो मूठभर पट्ट्या द्यायला लागला. कापूस वापराचा नाही, एवढंच सांगायचा. का, ते कुणी विचारलं नाही.

धर्मपालच्या बडतर्फीचा हुकूम अडीच महिन्यांनी निघाला. तो आपलं सामान जमा करायला आला तेव्हा शिमगा जवळ आला होता. पट्टा, टोपी, तेलाची बाटली, सगळं त्यानं मारोतीकडून मोजवून घेतलं, पावती घेतली आणि मग हाफिजच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात एक फडक्याची पुरचुंडी होती.

"बसतो का?" हाफिज म्हणाला.

"नाही, बस आहे बाराची." तो दाराच्या चौकटीला टेकला. "गावात सत्कार केला माहा. विहारात. शाल दिली. म्हणतात, पोरानं आपल्या माणसाइवर गोळी नाही झाडली. बुढे लोक पाया पडाले येतात, हाफिजभाई. मले लाज वाटते."

"कायची लाज?"

"मले तर साफ याद होतं का मी दाबलं होतं." तो बोलता बोलता थांबला. उजव्या हाताचं बोट त्यानं एकदा वाकवलं, सरळ केलं. "पण तुमी म्हणलं रायफल ठणठणीत आहे. तुमच्याहून जास्त कोन जाणते? मंग मी रोज विचार करतो. आता मले बी वाटाले लागलं, मी नसनच दाबलं. आतून हात थांबला असन. तुमाले काय वाटते?"

त्याचे डोळे हाफिजच्या तोंडावर खिळले होते. नोकरी गेली होती, ती कशानंही परत येणार नव्हती. उरलं होतं ते एवढंच, की आपण आपल्या लोकांवर गोळी झाडली नाही. खरं सांगितलं तर तेही जाईल, हाफिजच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं, की खरं सांगितलं तर तूही जाशील. यातलं पहिलं कारण खरं की दुसरं, हे त्याला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

"हो," तो म्हणाला. "नसशीनच दाबलं तू."

धर्मपालच्या कपाळावरची आठी गेली. तो चक्क हसला. त्याला हसताना बघून हाफिजला ओरडावंसं वाटलं.

"हे घ्या. तुमच्यासाठी आणलं." त्यानं पुरचुंडी टेबलावर ठेवून सोडली. आत कापूस होता. पांढराशुभ्र, मऊ, पानाचा चुरा नाही, किडक्या बोंडाचा दाणा नाही. "माह्या बायकोनं, जयानं, आपल्या वावरातला येक येक निवडला. सरकी बी काढली. मी म्हणलं, हाफिजभाईले द्यावं. चिंदी काही येत नाही, तुमाले साफसफाईले कामी पडन. तुमी शिकवलं म्हणून मी शिकलो. दुसऱ्या कोनं कधी शिकवलं नाही."

हाफिजनं कापसावर हात ठेवला. काहीतरी बोलायला हवं होतं.

"जयाले दुवा सांग माही," तो म्हणाला.

बारा वाजता बस गेली असेल. हाफिजनं तो कापूस वापरला नाही आणि फेकलाही नाही. टेबलाच्या खालच्या खणात साहेबांना न दिलेला तो घडी घातलेला कागद होता, त्याच्यावर पुरचुंडी ठेवली आणि खण लावला.

जूनच्या शेवटी त्याच्या निवृत्तीच्या दिवशी मारोतीनं खोलीतल्या सामानाची यादी केली. पेचकस, कानस, ब्रश, ट्रे, स्टोव्ह. प्रत्येक वस्तू तो मोठ्यानं म्हणत होता आणि लिहून घेत होता. शेवटी त्यानं खालचा खण ओढला.

"हे काय आहे? कापूस? हा सरकारी आहे का?"

"नाही," हाफिज म्हणाला. "माहा आहे."

मारोतीनं खांदे उडवले. यादीच्या खाली रेघ ओढली आणि सहीसाठी पेन पुढं केलं.